वायरलेस माउस ११ महिने वापरून : एक क्लिक केलं की दोन पडतात

माझं विट्यात डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं, दिवसभर कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम. त्यामुळे माउस म्हणजे माझा हातच. ८५० रुपयांचा हा वायरलेस घेतला, रेंज, डीपीआय वगैरे सगळ्यांना माहितीय, ते लिहित बसत नाही. मला लिहायचंय ते डाव्या बटणाबद्दल.

अकराव्या महिन्यात सुरू झालं. पत्रिकेतला गणपती निवडायला एक क्लिक करायचं आणि त्याच्याभोवती थेट फिरवायचे बाण यायचे, म्हणजे कोरलला क्लिक दोनदा गेलं. फोल्डर नुसतं सिलेक्ट करायला जावं तर उघडायचं. ड्रॅग करताना फोटो अर्ध्यात सुटायचा, आणि सीझनमध्ये गिऱ्हाईक शेजारी खुर्चीवर बसलेलं असताना हे झालं की हात थरथरायला लागतात हो. कंट्रोल पॅनलमध्ये डबल क्लिकचा स्पीड कमीजास्त करून बघितला, ड्रायव्हर काढून परत टाकला, सेल बदलला, काही फरक नाही. मग सेटिंगमध्ये डावं-उजवं बटण अदलाबदल केलं आणि अर्धा दिवस उजव्या बटणानं काम केलं. एकदाही डबल पडलं नाही! म्हणजे कॉम्प्युटर, विंडोज, डोंगल (माउसचा सिग्नल घ्यायला यूएसबीत लावतात तो छोटा तुकडा) सगळं ठीक, दोष त्या एका बटणाखालच्या स्विचमध्ये. ही टेस्ट फुकट आहे, नवा माउस घ्यायच्या आधी प्रत्येकानं करावी.

सर्व्हिस सेंटरला दोन हेलपाटे झाले, दोन्ही वेळा दुकान बंद ठेवून सांगलीला. पहिल्या वेळी काउंटरवरच्या मुलानं दहा वेळा क्लिक केलं, दहाही बरोबर पडले, फॉल्ट नाही म्हणून परत दिला. अहो, हा दोष शंभरात पाचसहा वेळा येतो, दहा क्लिकमध्ये कसा दिसणार? मी मोबाईलवर व्हिडिओ काढून परत गेले तर बिलावरचा शिक्का पुसट आहे म्हणे, दुकानदाराकडून नवीन आणा. ते आणेपर्यंत वर्ष उलटून गेलं आणि वॉरंटी संपली. बॉक्सवर १ कोटी क्लिक लिहिलंय. मी दिवसाला ५ हजार धरले, महिन्याचे २६ दिवस, तर ११ महिन्यांत साडेचौदा लाखसुद्धा होत नाहीत. याचा फार राग आला मला.

एक मात्र कबूल केलं पाहिजे, याच माउसला मी आधी एका गोष्टीसाठी उगाच नावं ठेवली होती. पॉइंटर अडकत अडकत चालायचा, तेव्हा माल हलका आहे असं सगळ्यांना सांगत सुटले होते. चूक माझीच होती. डोंगल सीपीयूच्या मागे, बॅकअपच्या हार्डडिस्कला चिकटून निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात होतं. यूएसबी ३ चा रेडिओ लहरींचा गोंगाट वायरलेस माउसच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच येतो, इंटेलनं स्वतः २०१२ ला यावर पेपर काढलाय. एक साधी एक्स्टेंशन वायर लावून डोंगल टेबलावर आणलं आणि त्या दिवसापासून पॉइंटर लोण्यासारखा. काचेच्या टेबलावर उड्या मारायचा तेही खाली जुनी पत्रिका ठेवल्यावर थांबलं. आणि सेल तर एकच ११ महिने पुरत आला होता, एवढं मी कधीच धरलं नव्हतं.

तर परत बटणाकडे. आमच्या गल्लीतल्या मोबाईल रिपेरीवाल्या दादांकडे नेला. स्क्रू दिसतच नाहीत, ते खालच्या घसरपट्ट्यांच्या खाली असतात, हेअर ड्रायरनं जरा गरम केलं की पट्टी न फाटता निघते. आधी सेल काढायचा. आत स्विच नखाएवढा, त्यात तांब्याची पातळ पट्टी, दाबलं की टक्कन् खालच्या टोकाला लागते. प्रत्येक स्विचमध्ये ती लागताना किंचित उडतेच, तेवढे काही मिलिसेकंद माउस सोडून देतो. पट्टी थकली किंवा टोकावर काजळी धरली की उडणं लांबतं आणि माउसला वाटतं दोनदा दाबलं. दादांनी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडून बटण खूप वेळा दाबलं, तर आठ दिवस बरा चालला, नवव्या दिवशी परत तेच.

मग त्यांनी माझा अडगळीत पडलेला जुना वायरवाला माउस उघडला. त्याच्या उजव्या बटणाचा स्विच जवळजवळ नवाच होता, कारण उजवं बटण आपण वापरतो किती! तीन पाय, उंची तीच. तो काढून इकडे डाव्या बाजूला डाग देऊन बसवला, पंधरा मिनिटं लागली, १०० रुपये घेतले. याला आता चार महिने झाले, अख्खा लग्नसीझन गेला, एकदाही डबल क्लिक नाही. आवाज आधीपेक्षा थोडा मोठा येतो पण चालतंय.

माउसला तीन स्टार, सर्व्हिसला शून्य. जुने माउस भंगारात देऊ नका, निदान त्यातले स्विच काढून डबीत ठेवा.