एमएसएक्स-डॉस की एमएस-डॉस?

रत्नागिरीच्या एका शिक्षिकेला मुलांना टर्बो पास्कल ३, म्हणजे पास्कल भाषेत प्रोग्राम लिहायचं जुनं सॉफ्टवेअर, दाखवायचंय. एमएसएक्स (१९८० च्या दशकातला घरगुती संगणक, त्याची कार्यप्रणाली एमएसएक्स-डॉस) घ्यावा की एमएस-डॉसचा जुना पीसी, यावर त्या अडल्यात.

सुसंगतता आधी बघू, कारण खरी फसगत तिथेच होते. दोन्हीकडे प्रोग्रामची फाइल .कॉम, दोन्हीकडे ती मेमरीत १००एच (हेक्स) पत्त्यावर चढते. ७२० केबीची फ्लॉपीही दोघांना वाचता येते, कारण दोन्हीकडे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत एकच, फॅट१२. तरीही इथली .कॉम तिथे चालत नाही. आत एमएसएक्सकडे झेड-८० प्रोसेसरच्या सूचना, पीसीकडे ८०८६ च्या. एमएसएक्स-डॉसवर सीपी/एम या त्याहून जुन्या कार्यप्रणालीचे बरेच प्रोग्राम मात्र जसेच्या तसे चालतात. ही त्याची मोठीच श्रीमंती.

सोर्स कोडचं बरं आहे. साधा पास्कल दोन्हीकडे कंपाइल होतो. अडतं ते थेट सिस्टिमला हाक मारताना: एमएसएक्सवर चालणाऱ्या सीपी/एम आवृत्तीत त्यासाठी बीडॉस ही आज्ञा, पीसीवर एमएसडॉस. पास्कलमध्येच घुसवलेला (इनलाइन) मशीन कोड तर नव्यानेच लिहावा लागतो.

मेमरीत पीसी सरस. झेड-८० वर सगळं ६४ केबीत बसवायचं. पीसीवर कोड आणि डेटाला मेमरीचे वेगवेगळे तुकडे (सेगमेंट), पुढे १९८७ च्या टर्बो पास्कल ४ पासून .कॉमऐवजी .ईएक्सई फाइल.

टिकाऊपणात दोन्ही सारखे. आपल्या पावसाळी दमटपणात फ्लॉपीला बुरशी धरतेच, म्हणून आधी डिस्क इमेज, म्हणजे फ्लॉपीची फाइलरूपी नक्कल, काढा. ती आजच्या संगणकावर ओपनएमएसएक्स (एमएसएक्ससाठी) किंवा डॉसबॉक्स (पीसीसाठी) या इम्युलेटरमध्ये चालवा.

प्रोसेसर आणि मेमरीची काटकसर शिकवायची तर एमएसएक्स. मोठा प्रोग्राम वाढवत न्यायचा असेल तर पीसी.