परदेशातून मत्स्यबीज: बोटुकली, अंडी की प्रजनक?

बाहेरच्या देशातून संवर्धनासाठी मासे आणायचे म्हटले की परवाना, आरोग्य प्रमाणपत्र आणि विलगीकरणाच्या टाक्या कुणालाच चुकत नाहीत. त्यांचा पाढा इथे वाचत नाही. रोगाचा धोका किती पदरात पडणार हे माझ्या मते त्याच्याही आधी, मागणी नोंदवतानाच ठरतं: मासा कुठल्या वयात आणायचा? तयार बोटुकली (बोटभर वाढलेली पिल्लं), आतल्या पिल्लाचे डोळे दिसू लागलेली अंडी, की प्रजनक, म्हणजे अंडी देणारे आईबाप मासे आणून त्यांची आपल्याकडे जन्मलेली पिढी? मी ट्राउट हा गार पाण्यातला मासा वाढवतो. पहिले दोन्ही पर्याय वापरले आहेत, तिसरा जवळून पाहिला आहे.

बोटुकलीची जमेची बाजू म्हणजे वेळ. अंड्यांचे ट्रे नाहीत, पिल्लांना पहिलं खाद्य लावायची यातायात नाही. ज्याच्याकडे अंडी उबवायची सोय, म्हणजे हॅचरीच नाही त्याने हा पर्याय सोडावा असं मी म्हणणार नाही. पण बोटुकली एकटी येत नाही. कातडीवर, कल्ल्यांत, आतड्यात आणि पिशवीतल्या पाण्यात जे असेल ते तिच्याबरोबर येतं. नॉर्वेत १९७५ मध्ये सामन (सॅल्मन) माशाच्या पिल्लांवर जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस हा परजीवी सापडला. बाल्टिक भागातून आणलेल्या जिवंत माशांबरोबर तो आला. जेमतेम अर्धा मिलीमीटरचा हा जीव अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देतो, त्यामुळे एकच शिरला तरी पुरतो. तो संपवण्यासाठी पुढे कित्येक नद्यांत रोटेनोन हे विष ओतून सगळे मासे मारावे लागले. चिनी कार्पच्या बीजात मिसळून स्यूडोरासबोरा नावाचा बोटभर मासा १९६० च्या दशकात युरोपात पोचला, तोही कुणी मागवलेला नव्हता.

हे धोके वाचून सगळ्यांना माहीत असतात, विलगीकरण त्यासाठीच असतं. मला बोटुकलीपासून दूर नेलं ते एका किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीने. पहिल्या आठवड्यातल्या मरतुकीचा अर्थच लावता येत नाही. पिशवीतला प्रवास, साठलेला अमोनिया, तापमानातला फरक, घासलेली कातडी, यात काही पिल्लं मरणारच. रोज सकाळी मेलेली काढायची आणि रोज तोच प्रश्न, हा प्रवासाचा शीण की रोगाची सुरुवात? दोन्हीत मासा काळवंडतो, खाद्य सोडतो, कडेला येऊन सुस्त पडतो. विक्रेता म्हणतो प्रवासामुळे, आणि प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत आपणही तेच म्हणायला लागतो. औषध द्यावं तर खरा रोग झाकला जातो, न द्यावं तर जखमांवर बुरशी चढते. ज्या दिवसांत डोळ्यांत तेल घालून बघायचं, नेमके तेच दिवस धुरकट.

नमुने तपासून हे सुटेल असं वाटतं, पण तिथलं गणित कठोर आहे. मोठ्या लॉटमधल्या ५ टक्के माशांत रोग असेल तर ९५ टक्के खात्रीने तो सापडायला सुमारे ६० मासे मारून तपासावे लागतात. २ टक्क्यांत असेल तर सुमारे १५०, तेही चाचणी कधीच चुकत नाही असं धरून. शिवाय काही रोग टाकीत गप्प बसतात. कोई हर्पीस हा कार्पचा विषाणूजन्य रोग साधारण १६ ते २८ अंशांच्या पाण्यात उफाळतो. त्याहून गार पाण्यात वाहक कार्प धडधाकट दिसत राहतात. म्हणून बोटुकलीच घ्यायची तर विलगीकरणाचे दिवस मोजण्याइतकंच तिथलं तापमान मोजा. त्या टाकीत आपल्याकडची थोडी निरोगी पिल्लंही सोबत सोडा, लपलेला वाहक बऱ्याचदा त्यांच्या आजारातून उघडा पडतो. पिशवीतलं पाणी टाकीत जाता कामा नये. ते क्लोरीन टाकून निर्जंतुक करायचं आणि मगच बाहेर सांडपाण्यात सोडायचं.

अंड्यांत हा धुरळा बराच कमी होतो. अंड्याला कल्ले नाहीत, आतडं नाही. मेलेलं अंडं पांढरं पडतं, ते उचलून टाकायचं, बाकीची तशीच. आणि मुख्य म्हणजे अंडी धुता येतात, मासा धुता येत नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेत सामन-ट्राउटच्या अंड्यांसाठी दिलेली पद्धत आम्हीही वापरतो: आधी मिठाच्या सौम्य पाण्यात खळबळणं, मग लिटरला १०० मिलीग्रॅम आयोडीन, किमान १० मिनिटं, सामू (पीएच) ६ ते ८ च्या दरम्यान. पाणी मृदू असेल तर सामू घसरतो आणि आयोडीन अंड्यांनाच जाळतं, तेव्हा खाण्याचा सोडा हाताशी ठेवा. द्रावणाचा तपकिरी रंग फिका पडला की नवं करायचं. अंडी फुटायच्या बेतात असतील तर हे धुणं टाळलेलं बरं. खोकं, बर्फ आणि बर्फाचं पाणी यांना मात्र बोटुकलीच्या पिशवीचाच नियम.

तरी धुणं बाहेरून होतं, आतून नाही. आयपीएन या ट्राउट-सामनच्या पिल्लांच्या रोगाचा विषाणू आणि बॅक्टेरियल किडनी डिसीजचा जिवाणू आईकडून अंड्याच्या आत जाऊ शकतात, तिथे आयोडीन पोचत नाही. चिलीत २००७ मध्ये सामनला आयएसए हा रक्तक्षयाचा विषाणूजन्य रोग झाला तेव्हा बाहेरून आणलेल्या अंड्यांवर संशय गेला. त्यावर वाद आहे, पण संशय हवेतला नव्हता, विषाणूचं जनुकीय नातं नॉर्वेतल्या विषाणूशी जुळत होतं.

प्रजनकांचा पर्याय इथे उजवा ठरतो, हे मान्य करायला हवं. आयसीईएस या समुद्रविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या आचारसंहितेचा गाभाच असा आहे की आणलेले मूळ मासे विलगीकरणाबाहेर कधीच जाऊ द्यायचे नाहीत, तपासून निर्धोक ठरलेली त्यांची पुढची पिढी तेवढी बाहेर काढायची. अंडी घेऊन झाल्यावर प्रत्येक नर-मादी मारून तपासता येते, नमुन्यांचं गणितच उरत नाही. पण टाक्या महिनोन्‌महिने अडकतात, सांडपाणी तेवढा काळ निर्जंतुक करत राहावं लागतं, आणि मोजकेच आईबाप असले की पुढच्या पिढीचं जनुकीय वैविध्य आक्रसतं. माझ्यासारख्या एकट्याने चालवलेल्या जागेत ते झेपणारं वाटत नाही.

तुमचा मासा कोणता यावर बरंच आहे. कॉमन कार्पची अंडी चिकट असतात आणि काही दिवसांतच फुटतात. तिलापियाची मादी अंडी तोंडात उबवते, शिवाय तिलापिया लेक व्हायरस आईबापांकडून पिल्लांत उतरल्याचे पुरावे आहेत. अशा जातींत माझा कौल प्रजनक आणि त्यांची पिढी यांनाच, आणि तेवढी जागा नसेल तर ज्याने ते काम आधीच केलंय त्याच्याकडून बीज घेण्याला. ट्राउट किंवा सामन असेल तर मी अंडीच घेईन, आणि विक्रेत्याकडे फार्मच्या सर्वसाधारण दाखल्याऐवजी ज्या माद्यांची अंडी आहेत त्यांच्या अंडाशयातल्या द्रवाच्या तपासणीचे अहवाल मागेन. ते देणारे विक्रेते थोडे आहेत आणि आगाऊ मागणी नोंदवावी लागते, म्हणून हंगामाच्या बऱ्याच आधी विचारायला सुरुवात करा.