चांदण्यांचा तक्ता की हाताखालचं काम?

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला घरकामाला लावायचं तर दोन वाटा समोर असतात. एक म्हणजे फ्रिजवर तक्ता लावायचा: खेळणी आवरली की चांदणी, दहा चांदण्या झाल्या की चॉकलेट. दुसरी आपल्या आज्यांची, मुलाला हाताखाली घ्यायचं.

तक्ता सोयीचा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. फोंड्याहून पणजीला नोकरीला धावणाऱ्या आईबाबांची सकाळ कशी जाते ते वेगळं सांगायला नको. सुरुवातीला चपला खरंच जागेवर जातात. मग प्रश्न येतो, "मला काय मिळणार?" वार्नेकन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये २० महिन्यांच्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मदतीबद्दल वस्तू मिळालेली मुलं, वस्तू मिळायची थांबल्यावर, इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. नुसतं कौतुक झालेल्यांचं तसं झालं नाही.

हाताखालच्या कामात पसारा होतो आणि वेळही जातो. पण त्या वयात मुलाला मुळात आपल्याबरोबर राहायचं असतं, काम हे निमित्त. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधताना खालून एकेक कवंडळ, सुपारीचा घोस वर देणं चार वर्षांच्या बाबूला सहज जमतं, नावंही कळतात. नेवऱ्यांना (करंज्यांना) पिठाची गोळी त्याला जरूर द्या, फक्त त्याची नेवरी शेवटच्या घाण्यात तळा. फुटली तर सारण तेलात करपतं. मे महिन्यात कोकमाची सोलं उन्हात पसरायला जुने कपडे घाला, डाग निघत नाहीत. पावसात घरातच वाळवलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावू दे. विळी आणि पेटलेली समई मात्र लांब.

आणि हो, पाटपाणी बायनं, म्हणजे मुलीनं, मांडायचं नि बाबूनं फक्त जेवायला बसायचं, ही वाटणी इथेच मोडता येते.

सहाच्या आतल्या मुलासाठी मी दुसरी वाट धरीन. वेळच नसेल तर रोज एकच काम त्याच्याबरोबर करा, बाकीची रविवारी. त्यानं वाकडी घडी घातली तर ती त्याच्यासमोर उलगडून नीट करू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो हात लावणार नाही. सात-आठ वर्षांनंतर तक्ता चालेल, पण पाळी कोणाची एवढंच सांगणारा, चॉकलेटशिवाय. त्यात बाबांचंही नाव हवं.