सोंग्ये न्किशी: गावाचा घ्यावा की घरचा?

काँगोतल्या काबिंदा शहराच्या आणि लोमामी नदीच्या पट्ट्यातले सोंग्ये लोक ज्या लाकडी मूर्तींसाठी ओळखले जातात, त्यांना न्किशी म्हणतात. संग्रहासाठी एखादा घ्यायचा म्हटलं की लिलावाच्या कॅटलॉगात दोन तऱ्हा दिसतात. एक गावाचा, कधी कधी तीन फुटांच्याही वर जाणारा. दुसरा घरचा, वीत-दीड वीत. दोघांच्या किमतींत जमीनअस्मानाचा फरक. पण तेवढ्यावर निवड करू नका.

दोन्हींत एक गोष्ट सारखीच. सुताराने कोरलेलं लाकूड हे नुसतं लाकूड. न्गांगा, म्हणजे तिथला जाणकार, पोटाच्या खळग्यात आणि डोक्यावरच्या शिंगात बिशिंबा भरतो, तेव्हा त्यात पूर्वजांचं बळ येतं. बिशिंबा म्हणजे प्राण्यांचे अवशेष, माती, वनस्पती असा न्गांगाने जुळवलेला ऐवज. आपल्याकडच्या प्राणप्रतिष्ठेची आठवण होईल, पण न्किशी हा देव नव्हे, पूर्वजांपर्यंत पोचायचं साधन. म्हणून मूर्तीचा खरा कर्ता न्गांगा मानला जातो, कोरणारा नाही.

गावाच्या न्किशीचा थाट वेगळाच. त्याला स्वतःची झोपडी, राखणदार, अमावास्येनंतर नवी चंद्रकोर दिसली की तेल आणि कोंबडीचं रक्त. रोगराई, चेटूक, युद्ध यांपासून अख्ख्या गावाला राखायचं, बायकांची कूस उजवायची, एवढा भार त्याच्यावर. चेहऱ्यावर तांब्याच्या पट्ट्या, पितळी खिळे, कमरेला कातडं. त्याला हात लावायची सोय नव्हती. दंडांना लांब काठ्या बांधून चौघांदेखत मिरवायचा. अस्सल मूर्तीच्या काखेत बांधणीची झीज शोधा. नकल करणारे चेहरा छान घासूनपुसून जुना करतात, काखेकडे मात्र दुर्लक्ष होतं.

घरच्या न्किशीला ही मिरवणूक नाही. मूल होत नाही, कुणी अंथरुणाला खिळलंय, घराला कुणाची नजर लागली, अशा कामांसाठी एका कुटुंबाने न्गांगाकडून करवून घेतलेला. सजावट कमी, कोरीवकाम कधी अगदी ओबडधोबड. गुण येईनासा झाला की कुटुंब तो टाकूनही देई.

माझं मत विचाराल तर घरचा घ्या. गावाचा न्किशी म्हणजे सगळ्या गावाची राखण. १९६० पूर्वीच्या बेल्जियन अमलात तो गावाबाहेर कसा पडला, हा प्रश्न टळत नाही. राजीखुशीने दिला, की अधिकाऱ्याने वा मिशनऱ्याने उचलला? असे मोठे न्किशी ब्रसेल्सजवळच्या तेर्व्हुरेनच्या आफ्रिका संग्रहालयात किंवा न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात बघावेत. छोट्यालाही कागद हवेतच, पण त्याचं हातोहात फिरणं समजण्यासारखं आहे.

पोट रिकामं दिसलं म्हणून नाक मुरडू नका. मूर्ती दुसऱ्याला देऊन टाकताना बिशिंबा काढून घेतलेला असू शकतो. उलट सापाची कातडी, शिंग, पिसं शाबूत असतील तर भारतात आणण्याआधी वन्यजीवांच्या नियमांची चौकशी करा, नाहीतर कस्टममध्ये अडकेल. आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याला एवढंच विचारा: हा काँगोबाहेर कोणत्या साली आला आणि कुणी आणला? तो कारागिरीचं कौतुक सांगत बसला, तर फोन ठेवा.