दिवसाची ऊब रात्रीसाठी ठेवायची कशात: पाणी, दगड की मेण?

उन्हाची उष्णता मिळते दुपारी आणि तिची गरज भासते रात्री. मधले आठ-दहा तास ती कशात तरी सांभाळून ठेवावी लागते. खोली, हरितगृह किंवा सौर तापकाची यंत्रणा उभारणाऱ्यापुढे साधारण तीन वाटा असतात: पाण्याची टाकी, दगड किंवा काँक्रीट, नाहीतर वितळणारा पदार्थ, म्हणजे मेण किंवा क्षार. तिघांची तुलना करताना बहुतेक जण ‘कशात जास्त उष्णता मावते?’ एवढंच विचारतात. मी आधी दोन गोष्टी विचारेन. साठा दिवसभरात किती अंशांनी तापणार आणि निवणार आहे? आणि आत गेलेली उष्णता बाहेर यायला किती वेळ घेणार आहे?

पहिल्या प्रश्नाचं महत्त्व खालच्या आकड्यांत दिसतं. साठ्याची जागा एक घनमीटर धरली आहे. आकडे किलोवॉट-तासांत, म्हणजे विजेच्या युनिटांत आहेत आणि ढोबळ आहेत.

| पदार्थ | १० अंशांचा फरक | ५० अंशांचा फरक |
|---|---|---|
| पाणी | १२ | ५८ |
| भरीव काँक्रीट | ६ | २९ |
| खडीचा ढीग (मधल्या फटींसह) | ४ | १९ |
| पॅराफिन मेण (द्रवणांक त्याच टप्प्यात) | ४९ | ६८ |

पहिला रकाना पाहिला तर मेण पाण्याच्या चौपट. दुसरा पाहिला तर जेमतेम एक षष्ठांश जास्त. पदार्थ तेच, मग एवढा फरक का? मेण वितळताना तापमान जवळजवळ न वाढता किलोमागे सुमारे २०० किलोज्यूल उष्णता गिळतं. ही अप्रकट उष्मा. तिचा हिशेब एकदाच मिळतो, मग साठा १० अंश तापवा किंवा ५०. पाण्याला असा टप्पा या तापमानांत नाही, पण त्याची विशिष्ट उष्माधारकता मोठी आहे. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात, ग्रॅनाइटला साधारण ०.८. पाण्याच्या रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सैल करण्यात बरीच ऊर्जा खर्ची पडते, म्हणून ते तापायलाही उशीर लावतं आणि निवायलाही.

तेव्हा तुमचा साठा दुपारी ८० अंशांवर जाऊन पहाटे ३० वर येणार असेल, तर मेणावर पैसे घालवू नका. पाणी घ्या.

पाणी

माझा कौल बहुतेकांसाठी पाण्यालाच आहे आणि त्याचं कारण फक्त वरचा तक्ता नाही. पाणी उष्णता स्वतः वाहून नेतं. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, गार पाणी तळाला बसतं. या अभिसरणामुळे उष्णता पाण्यात पोचवायला वेगळी खटपट लागत नाही, आणि तेच पाणी नळीतून फिरवून उष्णता दुसऱ्या खोलीत नेता येते. उभ्या टाकीत हे थर टिकवणं फार फायद्याचं असतं. वरचं पाणी ६० अंशांवर आणि तळाचं ३० वर असेल, तर वरचं लगेच वापरता येतं. सगळं ढवळून ४५ झालं की एकूण उष्णता तेवढीच राहते, पण ६० अंशांचं पाणी कुठेच उरत नाही. म्हणून टाकीत येणारा प्रवाह संथ ठेवा आणि गरम पाणी वरच्या तोंडानेच काढा.

तोटे सरळ आहेत. टाकी गळते, गंजते. पाणी गोठलं तर सुमारे ९ टक्के फुगून नळ्या फोडतं. उघड्या टाकीत १०० अंशांपलीकडे जाता येत नाही.

दगड आणि काँक्रीट

यांची साठवण पाण्याच्या निम्मी, पण भिंत आणि जमीन तुम्ही तशीही बांधणारच असता. तीच साठा म्हणून वापरली तर वेगळी जागा लागत नाही. सूर्य मावळल्यावर तासाभराने उन्हातल्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं की या साठ्याची ओळख पायांनाच पटते.

इथे दुसरा प्रश्न येतो, वेळेचा. उष्णतेची लाट काँक्रीटमध्ये हळू शिरते आणि आत जाताना विरत जाते. २४ तासांच्या चक्रात साधारण १४ सेंटीमीटर खोलीवर तिचा जोर एक तृतीयांशाच्या आसपास उरतो. त्यामुळे खोलीच्याच बाजूने तापणारी आणि निवणारी भिंत मीटरभर जाड केली, तरी आतला बहुतेक भाग रोजच्या देवघेवीत भागच घेत नाही. मात्र बाहेरून तापवून आत उष्णता सोडायची असेल तर जाडी उपयोगी पडते. ३० सेंटीमीटरच्या भिंतीत लाट पलीकडे पोचायला सुमारे आठ तास लागतात, म्हणजे दुपारी दोनची ऊब रात्री दहाला. अभियंते फेलिक्स त्रोंब आणि वास्तुविशारद जाक मिशेल यांनी १९६७ मध्ये फ्रान्समधल्या ओदेयो इथे बांधलेल्या घराची काचेआडची गडद भिंत याच उशिरावर चालते. तिची मर्यादाही यातच आहे. भिंत एकदा बांधली की वेळापत्रक ठरलं. अचानक ढग आले म्हणून तिला लवकर ऊब सोडायला सांगता येत नाही.

खडीच्या पेटीतून हवा खेळवण्याची पद्धत मी फक्त हवेवर चालणाऱ्या यंत्रणेसाठी सुचवेन. पंखा लागतो, धूळ साचते.

उंच तापमानाला मात्र दगडाचं पारडं जड होतं. फिनलंडमधल्या कांकानपा इथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या साठ्यात १०० टन वाळू ५०० अंशांच्या आसपास तापवतात आणि त्यात सुमारे ८,००० युनिट उष्णता राहते. तिथे पाण्याला प्रवेशच नाही.

मेण आणि क्षार

यांच्याबद्दल मला मनापासून कुतूहल आहे, आणि म्हणूनच इथे सगळ्यात जास्त सावध करावंसं वाटतं. योग्य द्रवणांकाचा पदार्थ खोलीत ठेवला तर तो वितळत असताना तापमान जवळपास एका जागी धरून ठेवतो. ही करामत पाणी आणि दगडाला जमत नाही. जागा थोडी, तापमानाचा फरक लहान आणि तापमान स्थिर ठेवायची गरज, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच मेणाकडे वळा.

अडचण उष्णता परत काढताना येते. मेणाची उष्णतावाहकता पाण्याच्या साधारण एक तृतीयांश आहे. ते गोठायला लागलं की आधी भांड्याच्या कडेला घट्ट थर धरतो आणि आतल्या वितळलेल्या मेणाची ऊब अडवून धरतो. मोठ्या पिंपात मेण भरणं म्हणूनच व्यर्थ. एक-दोन सेंटीमीटर जाडीच्या चपट्या पिशव्या किंवा ॲल्युमिनियमच्या पात्यांची जाळी हवी, आणि त्याने खर्चही वाढतो, तक्त्यातला ४९ चा आकडाही घटतो. शिवाय मेण वितळताना फुगतं, आणि ते ज्वलनशील असतं.

क्षार पेटत नाहीत, पण रुसतात. १९४८ मध्ये सौरऊर्जेच्या संशोधक मारिया टेल्केस यांनी अमेरिकेतल्या डोव्हर इथल्या घरात ग्लाउबर क्षार, म्हणजे स्फटिकात पाणी धरून ठेवणारं सोडियम सल्फेट, वापरला. तो ३२.४ अंशांना वितळतो, खोलीसाठी अगदी योग्य. पहिले हिवाळे चांगले गेले. पण वितळताना या क्षाराचा काही भाग त्याच्याच पाण्यात न विरघळता तळाला बसतो आणि परत गोठताना सगळा जुळून येत नाही. दर फेरीत साठवण घटत जाते. काही वर्षांत ती यंत्रणा काढावी लागली. अतिशीतन ही दुसरी खोड: गोठणबिंदू ओलांडूनही क्षार द्रवच राहतो आणि उष्णता सोडत नाही. त्यावर थोडा टाकणखार मिसळतात, म्हणजे स्फटिक धरायला बीज मिळतं. आजचे क्षार घट्ट करणारी द्रव्यं घालून बनवतात. तरी घेताना किती हजार फेऱ्यांनंतरची साठवण मोजली आहे ते विचारा. नव्या नमुन्याचा आकडा पुरेसा नाही.

साठ्याचा आकार ठरवताना एक भूमितीची गोष्ट ध्यानात घ्या. टाकी लांबी-रुंदी-उंचीला दुप्पट केली की आकारमान आठपट होतं आणि उष्णता गळणारा पृष्ठभाग चौपटच. म्हणजे लिटरमागे गळती निम्मी. इन्सुलेशनमध्ये बंदिस्त ठेवायचा साठा असेल तर चार लहान पिंपांपेक्षा एक मोठी टाकी बरी. खोलीतच उघडा ठेवून आपोआप ऊब द्यायची असेल तर उलट करा: अरुंद, उंच, गडद रंगाची बरीच भांडी काचेच्या आत उन्हात रांगेने उभी करा.