गावरान कोंबड्यांचे जंत: पायपराझिन द्यावे की अल्बेंडाझोल?

तुरा फिका पडलाय, दाणे खाऊनही छातीचं हाड हाताला लागतं, अंडी घटलीत. परसातल्या कोंबड्यांना जंत झाल्याची शंका इथूनच येते. पण हीच लक्षणं इतर आजारांतही दिसतात, म्हणून आधी ताजी विष्ठा डबीत भरून पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. विष्ठेत बोटभर लांब पांढरा जंत दिसला, तर तो बहुधा मोठा गोल जंत.

पायपराझिन आणि अल्बेंडाझोल ही दोन्ही जंतांची औषधं; कोणतं कशावर चालतं, हा खरा फरक. पायपराझिन मोठ्या गोल जंताला लुळं करतं, मग तो विष्ठेतून बाहेर पडतो. पण आतड्याच्या अस्तरात शिरलेली जंताची पिल्लं त्यातून वाचतात, केसासारख्या बारीक जंतांवर ते चालत नाही. अल्बेंडाझोलची पकड त्याहून मोठी आहे.

देण्याच्या बाबतीत पायपराझिन सरस: पाण्यात विरघळतं, संध्याकाळी पाणी काढून सकाळी औषधाचं पाणी ठेवलं की झालं. अल्बेंडाझोल तळाशी बसतं, म्हणून ते खाद्यात कालवा किंवा एकेकीला चोचीत द्या. दोन्हींचे डोस वजनानुसार डॉक्टरांकडूनच घ्या, अंडी-मांस किती दिवस वर्ज्य हेही विचारा. दुसरा डोस चुकवू नका आणि खुराड्यातलं ओलं तूस बदला, नाहीतर त्यातली जंतांची अंडी पुन्हा पोटात जातात.

फक्त मोठे गोल जंत आणि कोंबड्या भरपूर, तर पायपराझिन. तपासणीत मिश्र जंत निघाले आणि कोंबड्या मोजक्या, तर अल्बेंडाझोल. पिसं झडत असतील तर अल्बेंडाझोल आधी डॉक्टरांना विचारूनच द्या. तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी, त्यांचं औषध डॉक्टरांना विचारा.