कुंडीतली माती की ॲक्वासॉइल?

माशांच्या दोन फुटी टाकीत झाडं लावायची तर तळाला काय घालायचं, इथेच घोडं अडतं. कुंडीतली साधी माती चाळून, शेणखताचा कणही न ठेवता, इंचभर पसरायची आणि वर तेवढीच जाड वाळू. खर्च जवळपास नाहीच. क्रिप्टोकोरिनसारखी मुळांतून अन्न ओढणारी झाडं तिच्यावर खूश असतात. पण एखादं झाड उपटून बघा! मुळांबरोबर चिखल वर येतो आणि संध्याकाळपर्यंत मासे चहात पोहतात. मी हे दोनदा केलंय. आता उपटत नाही, कात्रीने कापते.

ॲक्वासॉइल म्हणजे अशा टाक्यांसाठी विकत मिळणारी दाणेदार माती. तिचे दाणे उकरले तरी इतका राडा होत नाही. शिवाय ते पीएच (पाणी किती आम्ल, त्याचं माप) आणि पाण्याचा जडपणा थोडा खाली आणतात. बोअरचं जड पाणी असेल तर ही ताकद मात्र लवकर संपते. महाग तर आहेतच. सुरुवातीला माशांना विषारी अमोनिया दोन्हींतून सुटू शकतो, म्हणून टेस्ट किटवर अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तितकंच वाईट नायट्राइट शून्य दिसेपर्यंत मासे नकोत.

मांडणी सारखी बदलायची खाज असेल तर ॲक्वासॉइल, नाहीतर माझं मत मातीला. आणि फक्त अनुबियास, जावा फर्न ठेवणार असाल तर दोन्ही नको. ती लाकडाला दोऱ्याने बांधतात. त्यांचं आडवं खोड पुरलं की कुजतं.